वाट देणारे, वाट अडवणारे

(मंडळाच्या गणेशोत्सवात बालमेळाव्यात शालेय विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण. काही पालकांनी मजकूर मागितला, म्हणून स्मरणिकेसाठी लिहून दिला आहे. मुलांची उत्तरे आठवतील तशी कंसात घेतली आहेत.)



मी शिक्षक नाही. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि सरकारी नोकरीत लागलो. सरकारी इमारतींचे वायरिंग, पंप, पंखे नीट चालतात की नाही हे बघणे, एवढेच माझे काम. सेक्रेटरींनी सांगितले, "मुलांना सायन्सचे काहीतरी सांगा, पण अर्ध्या तासात. आठला आरती आहे." तेव्हा लगेच सुरुवात करतो.

पुढच्या रांगेतले चौघे उभे राहा. एक हात मंडपाच्या या लोखंडी पाइपला लावा, दुसरा प्लास्टिकच्या खुर्चीला. गार काय लागते? (सगळे : पाइप!) आता सांगा, पाइप खरोखर खुर्चीपेक्षा गार आहे का? (तिघे : हो. एक मुलगी : नाही, दोन्ही सकाळपासून इथेच आहेत.) बरोबर बोललीस, बाळ. दोन्ही एकाच हवेत उभे आहेत, म्हणजे दोघांचे तापमान सारखेच. फरक असा की तुमचा हात त्या दोघांपेक्षा गरम आहे. लोखंड हातातली उष्णता भराभर पुढे नेते, म्हणून हात गार पडतो. प्लास्टिक ती उष्णता तिथेच थांबवते. तुम्हाला पाइपचे तापमान कळत नाही, आपल्या हातातून उष्णता किती वेगाने गेली ते कळते. भर दुपारी हाच पाइप उन्हात तापला की उलटे होते. तेव्हा तो उष्णता तितक्याच वेगाने तुमच्या हातात घालतो आणि चटका बसतो.

जे वाट देते ते सुवाहक, जे अडवते ते दुर्वाहक. गुजराती माध्यमातली मुले दुसऱ्याला अवाहक म्हणतात. मराठी शाळेतल्यांनी आणि गुजराती शाळेतल्यांनी त्यावरून भांडू नये, वस्तू एकच आहे.

याचा सगळ्यात मोठा अभ्यास आपल्या आज्यांनी केला आहे. इथली निम्मी घरे खानदेशातून आलेली. खापरावरची पुरणपोळी सगळ्यांनी खाल्ली असेल. लोखंडी तवा सोडून मातीचे खापर उपडे का घालतात? माती उष्णता हळूहळू सोडते. हातावर वाढवलेली ती कागदासारखी पातळ पोळी पातळ पत्र्यावर टाकली तर जिथे जाळ जास्त तिथे ती जळेल. खापर जाळाचा तडाखा स्वतः सोसते आणि पोळीला सावकाश शेकते. गोधडीचेही असेच. ऊब गोधडीत नसते, ती आपल्याच अंगाची असते. जुन्या लुगड्यांच्या थरांत अडकलेली हवा तिला बाहेर जाऊ देत नाही. तांबे, लाकूड आणि हवा घेतली, तर तांबे लाकडापेक्षा हजारो पटींनी उष्णता वाहते आणि अडकून बसलेली हवा लाकडापेक्षाही कमी.

आता विजेकडे. ही ९ व्होल्टची बॅटरी, हा छोटा एलईडी आणि तो जळू नये म्हणून मध्ये ४७० ओहमचा रेझिस्टर. ही दोन टोके मोकळी ठेवली आहेत. मध्ये ठेवलेल्या वस्तूतून वीज गेली तर दिवा लागेल. सेफ्टी पिन? लागला. खोडरबर? नाही. नाणे? लागला. बामरोलीच्या लूमवरचा हा पॉलिस्टर धागा? नाही. आणि हा आमच्या घरच्या जुन्या शालूच्या पदरातून सुटलेला जरीचा धागा. लागला! पुढच्या माणसांनी नीट बघून मागच्यांना सांगा.

जरी म्हणजे सुरतचे नाव. खऱ्या जरीत चांदीची तार चपटी करून रेशमावर गुंडाळतात आणि वर सोन्याचा मुलामा देतात. म्हणजे एकाच धाग्यात आत अडवणारा, बाहेर वाट देणारा. हल्लीची पुष्कळशी जरी प्लास्टिकच्या चकचकीत फिल्मच्या पट्ट्यांची असते. तिच्यात ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो, पण तो लाखेसारख्या लेपाखाली झाकलेला, म्हणून तिला टोके लावली तर बहुतेक वेळा दिवा लागत नाही. हा बघा, नाही लागला. (मागून एक काकू : मग सोनाराकडे जायलाच नको!) काकू, जायला हवे. तांब्याची जरी असली तरी दिवा लागतो. धातू आहे एवढेच माझा दिवा सांगतो, चांदी आहे की नाही ते सांगत नाही.

वीज कोण वाहते आणि कोण अडवते हा भेद ज्याने प्रथम नीट दाखवला, तो मूळचा रंगारी. पांडेसराच्या डाइंग मिलांशेजारी राहणाऱ्या आपल्याला हे विशेष वाटायला हवे. इंग्लंडमधल्या कँटरबरी गावचा हा स्टीफन ग्रे. काचेची नळी घासून तयार होणारी वीज दोरीवरून किती लांब जाते, हे तो १७२९ साली आपल्या एका मित्राच्या घरी पाहत होता. तागाची दोरी त्याने रेशमाच्या बारीक दोऱ्यांनी टांगली आणि वीज पलीकडे पोहोचली. मग वजनाने रेशीम तुटले. मजबूत पाहिजे म्हणून त्याने तितकीच बारीक पितळेची तार लावली, आणि प्रयोग बंद पडला. कितीही घासले तरी पलीकडे काही नाही. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की रेशीम बारीक होते म्हणून वीज टिकत नव्हती, ते रेशीम होते म्हणून टिकत होती. पितळेच्या तारेतून ती वरच्या वर निसटून जात होती. पुढे रेशमाच्याच आधाराने त्याने सहाशे फुटांहून लांब वीज नेली. १७३१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे कॉपली पदक पहिल्यांदा दिले गेले, ते याला. दोरा तुटला नसता तर शोध कधी लागला असता कोण जाणे.

आता ही पेन्सिल, दोन्ही बाजूंनी टोक केलेली. (एक मुलगा : नाही लागणार, लाकूड आहे.) टोके शिशाला लावतो. लागला! पेन्सिलचे शिसे म्हणजे शिसे नव्हेच, ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन. आणि कार्बनचेच दुसरे रूप कोणते? (दोन-तीन मुले : हिरा!) सुरतच्या मुलांना हे विचारणेच चूक.

माझ्या मते सगळ्या विषयातली ही सर्वांत मजेची गोष्ट आहे. धातूंचा साधारण नियम असा, की जो वीज चांगली नेतो तो उष्णताही चांगली नेतो. चांदी पहिली, तांबे दुसरे, दोन्ही यादींत. कारण धातूत मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन असतात आणि दोन्ही ओझी तेच वाहतात. हिऱ्यात मोकळा इलेक्ट्रॉनच नाही. प्रत्येक अणू शेजारच्या चार अणूंना घट्ट धरून बसलेला. म्हणून हिरा वीज अडवतो. मग उष्णताही अडवायला हवी ना? तर हिरा तांब्याच्या जवळजवळ पाचपट उष्णता नेतो!

कसे, ते ज्यांचे वडील लूमवर आहेत त्यांना लवकर कळेल. ताण्याचे धागे कडक ताणलेले असतील तर एका टोकाला टिचकी मारली की थरथर दुसऱ्या टोकाला पोहोचते. ताणा सैल असेल तर ती तिथेच मरते. हिऱ्याची अणूंची जाळी तशी कडक ताणलेली आहे. उष्णता म्हणजे अणूंची थरथर, ती या जाळीतून धावत सुटते. हिऱ्याची कड बर्फावर टेकवून दाबली तर बोटांची ऊब त्यातून उतरते आणि बर्फ लोण्यासारखा कापला जातो.

महिधरपुऱ्यात, वराछाला व्यापाऱ्यांच्या खिशात पेनासारखा टेस्टर असतो, तो याच गुणावर चालतो. त्याचे तांब्याचे टोक गरम असते. ते खड्यावर टेकवले आणि उष्णता झटकन ओढली गेली तर तो हिरा असल्याचे सांगतो. काच तिथे नापास होते. पण मॉइसनाइट नावाचा खडा आला आणि टेस्टर फसू लागला, कारण तोही उष्णता जोरात ओढतो. मग काय केले? उष्णतेबरोबर विजेचीही परीक्षा घेऊ लागले. मॉइसनाइटमधून बहुधा थोडी वीज जाते, साध्या पांढऱ्या हिऱ्यातून जात नाही. प्रयोगशाळेत बनवलेला हिरा मात्र दोन्ही परीक्षा पास होतो, कारण तो हिराच असतो. त्याला पकडायला वेगळी मोठी यंत्रे लागतात.

आता थोडे गंभीर बोलायचे आहे, चुळबुळ करू नका.

माणसाचे अंग सुवाहक की दुर्वाहक? उत्तर आहे, ते ओले आहे की कोरडे यावर. कातडी अगदी कोरडी असेल तर तिचा विरोध एक लाख ओहमपर्यंतसुद्धा असू शकतो. घरातल्या २३० व्होल्टला एक लाखाने भागा. दोन-तीन मिलिअँपिअर, म्हणजे मुंग्या. अंग ओले झाले की तोच विरोध हजार ओहमवर येऊ शकतो. आता भागा. २३० मिलिअँपिअर. याच्या निम्म्यानेही हृदय बंद पडू शकते. माणूस तोच, वायर तीच, मध्ये फक्त पाणी. शुद्ध पाणी वीज फारशी नेत नाही, पण घाम, पावसाचा चिखल, मंडपातले सांडलेले पाणी या सगळ्यांत क्षार असतात.

१९९२ चा जुलै. मी सहावीत होतो. आमचे नाना नंदुरबारहून ताप्ती लाईनने सुरतला आलेले, उधन्याला एका खात्यात लूम चालवायचे. मी त्यांचा डबा घेऊन गेलो होतो. पाऊस पत्र्यातून गळत होता, खाली ओले. आमच्याच गल्लीतले एक काका अनवाणी उभे होते. त्यांनी लूमच्या सांगाड्यावर हात ठेवला आणि तो हात सुटेना. मोटरच्या आतले इन्सुलेशन खराब झाले होते आणि सांगाड्याला अर्थिंगच नव्हते. त्यांना धरायला एक जण धावला. नानांनी त्याला ढकलून दिले, कोपऱ्यातला वाळलेला बांबू उचलला, रिकाम्या लाकडी पेटीवर उभे राहिले आणि बांबूने काकांचा हात उडवला. मग कोणीतरी मेन स्विच पाडला. काका वाचले. उजव्या हाताची दोन बोटे पुन्हा कधी सरळ झाली नाहीत. नाना चौथी शिकलेले. दुर्वाहक हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता.

ही गोष्ट मी घरी पुष्कळदा सांगतो, आणि त्यातूनच एक घोटाळा होतो. मुलांना वाटते, बांबू म्हणजे सुरक्षित. काही वर्षांपूर्वी विसर्जनाच्या मिरवणुकीत मी पाहिले, मूर्ती उंच, वर तारा, आणि ट्रॅक्टरवर उभा एक पोरगा भर पावसात ओल्या बांबूने तार वर उचलतो आहे. मी ओरडलो तर तो म्हणाला, "लाकूड आहे, अंकल." अरे, नानांचा बांबू वाळलेला होता आणि समोर कारखान्यातली वीज होती. तुझा बांबू पाणी प्यालेला आहे आणि वरच्या काही तारांत ११,००० व्होल्ट असतात. त्या दिवशी ती तार केबलवाल्याची निघाली म्हणून काही झाले नाही. दुर्वाहक हा कायमचा परवाना नव्हे. ओल आली, दाब वाढला, की अडवणारा वाट देऊ लागतो. लखलखत्या विजेपुढे तर मैलभर हवासुद्धा वाट देते.

म्हणून मंडपाबद्दल दोन शब्द, हे मोठ्यांसाठीही आहेत. वायरींचा जोड प्लास्टिकच्या पिशवीने बांधून चालत नाही, त्यात पाणी साठते. लायटिंगची वायर पाइपला तारेने आवळली की कंपनाने तिचे आवरण कापले जाते, आणि मग तुम्ही आत्ता ज्याला हात लावलात तो अख्खा मंडपच सुवाहक. इथे स्टेजच्या मागे आरसीसीबी बसवली आहे. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे ती कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जाते आहे असे समजून क्षणार्धात ती सगळे बंद करते. ती बसवताना एका कार्यकर्त्याने मला विचारले, दहा दिवसांसाठी एवढा खर्च कशाला. मी त्याला काकांच्या बोटांची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी अर्थिंगसाठी खड्डा त्यानेच खणला.

मुलांनो, कोणी चिकटलेले दिसले तर तुम्ही त्याला शिवायचे नाही, बांबूही उचलायचा नाही. ओरडून मोठ्या माणसाला मेन स्विच बंद करायला सांगायचे. आपला मेन स्विच कुठे आहे? (कोणालाच ठाऊक नव्हते.) चला, आरतीआधी सगळे एका रांगेत माझ्याबरोबर स्टेजच्या मागे या, चपला घालून. आणि तो दिवा आरतीनंतरही या टेबलावर राहील. ज्यांना आईच्या साडीची जरी तपासायची असेल त्यांनी सुटलेला धागा आणावा. पदर कात्रीने कापून आणू नये, नाहीतर उद्या तुमच्या आया माझ्या घरी येतील.