उपनगराचे गावपण

दरवर्षी जूनमध्ये वर्गात नवी मुले येतात, तेव्हा पहिल्या तासाला मी त्यांना एक साधा प्रश्न विचारतो, "तुमचे गाव कोणते?" यातली बहुतेक मुले डोंबिवलीतच जन्मलेली आणि वाढलेली. पण उत्तरे येतात ती अशी : "सर, आमचं सातारा." "आमचं चिपळूण." "आमचं जळगाव." ज्या गावी चार वर्षांत चार दिवस जाणे होत नाही, ते यांचे गाव. जिथे सारे आयुष्य गेले ते मात्र नुसते राहण्याचे ठिकाण. अपवाद असतो तो इथल्या मूळच्या आगरी घरांतील मुलांचा. ती ताठ मानेने सांगतात, "आयरे." "भोपर." शहराने चहूबाजूंनी वेढले तरी त्यांची गावे त्यांच्या मनात शाबूत आहेत.

असे का व्हावे? मला वाटते, घर असले म्हणजे गाव होते असे नाही. ज्याच्या कामात आपला वाटा असतो ते गाव. खेड्यात राहणाऱ्या श्रोत्यांना हे वेगळे सांगायला नको. जत्रेत पालखी कोणी उचलायची, सप्त्याच्या पंगतीला पाणी कोणी भरायचे, हे सारे वाटून दिलेले असते. आपल्या वाट्याचे काम चुकले तर गाव विचारते, आणि गाव विचारते म्हणूनच ते आपले वाटते.

आता डोंबिवलीकडे पाहा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हे ठिकाण सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटर. कमावती माणसे पहाटेच्या गाडीने जातात ती दिवे लागल्यावर परततात. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती. एवढ्या माणसांत कोणाचा वाटा काय, हे ठरवायचे कोणी? पाटील नाही, पंच नाही. नगरपालिका असो की महानगरपालिका, ती कर घेईल, दिवा लावील. पण "तू ये, तुझ्यावाचून अडले आहे," असे ती कोणाला म्हणणार नाही. उपनगरात हे म्हणतात ती तरुण मंडळे. कोपऱ्यावरचे मित्रमंडळ, ढोल-ताशा पथक, गोविंदा पथक, गडावर जाणारी टोळी, दिवाळीत मातीचा किल्ला करणारी पोरे. चुकतमाकत का होईना, उपनगराचे गाव करतात ते हेच लोक.

एक उदाहरण सांगतो. १९९९ साली डोंबिवलीत गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली. तिचा पुढाकार श्रीगणेश मंदिर संस्थानाचा. पाहता पाहता ठाणे, गिरगाव आणि इतर अनेक ठिकाणी तशा यात्रा निघू लागल्या. मौज अशी की, रीतभात नेहमी शहराकडून उपनगराकडे यायची, ती या वेळी उलटी गेली. याचा अभिमान इथल्या मुलांना आहे आणि तो असावा. आदल्या रात्री जागून रांगोळ्या काढणाऱ्या, नऊवारी नेसून आणि फेटा बांधून ढोल वाजवणाऱ्या मुलींना त्या दिवशी विचारा, "गाव कोणते?" त्या डोंबिवलीच म्हणतील.

पण श्रोतेहो, अभिमान एका दिवसाचा असून भागत नाही. माझ्या स्वतःच्या अनुभवाची एक गोष्ट सांगतो.

२६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या बंद पडल्या. मी तेव्हा विशीतला होतो. कुर्ल्याच्या पुढे कमरेएवढ्या पाण्यातून ठाण्याच्या दिशेने चालत निघालो. काळोख गच्च, गटारे उघडी, रस्ता कुठे संपतो ते कळेना. एका ठिकाणी दहा-बारा पोरे रस्त्याच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत दोर बांधून उभी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दोराला धरून पलीकडे पोचवीत होती. एका म्हातारीला तर त्यांनी उचलूनच नेले. मी विचारले, "एवढा लांब दोर कुठला रे?" एक जण हसून म्हणाला, "दादा, हंडीचा आहे. यंदा जरा लवकर काढला."

त्या पोरांना कोणी हुकूम दिला नव्हता. पण त्यांच्याजवळ दोर होता आणि तो कुठे ठेवला आहे हे ठाऊक होते. शिवाय कोण कोणाच्या शेजारी उभा राहील, कोणाच्या खांद्यात किती बळ, हे त्यांना थर लावता लावता समजले होते. संकटाच्या रात्री मंडळ स्थापन करता येत नाही. ते आधीपासून असावे लागते. मी पलीकडे पोचलो, घरी गेलो. त्यांतल्या एकाचेही नाव मी विचारले नाही.

पुढे मी प्राध्यापक झालो. आमच्या गल्लीतल्या मंडळाचा कर्णा एकदा रात्री अकरानंतरही चालू राहिला. मी तणतणत खाली उतरलो आणि मुलांना वाटेल तसे बोललो. रात्री दहानंतर कर्णा बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे; तेव्हा चूक त्यांचीच होती. त्यांनी आवाज बंद केला. मग एक मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, आठ वर्षं तुमच्याकडे वर्गणीला येतो. तुम्ही दारातूनच पैसे देता. आत या, बसा, असं कधी म्हणाला नाहीत. माझं नाव ठाऊक आहे तुम्हाला?"

मला ठाऊक नव्हते. तेव्हा तो कुर्ल्याचा दोर आठवला आणि मान खाली गेली. नियम सांगण्याचा अधिकार मला होताच, पण तो मी फक्त रागवायला वापरला होता. त्या मंडळात माझा स्वतःचा वाटा काय होता? वर्गणीची पावती, एवढाच.

म्हणून, शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, दोन-तीन गोष्टी आपल्यापुढे ठेवाव्याशा वाटतात. आपल्या गावचे तरुण मंडळ चांगले की वाईट, हे ठरवण्यापूर्वी एकदा त्याच्या बैठकीला जाऊन बसा. वर्गणीचा हिशेब पैन्‌पै फळ्यावर लिहायला सांगा, आणि बेरीज तपासायला स्वतः उभे राहा. ज्या मंडळाचा हिशेब फळ्यावर असतो, त्याला वर्गणी मागायला दटावावे लागत नाही. दुसरे, मंडळाला बारा महिन्यांचे एक काम असू द्या. वाचनालयाची पेटी म्हणा, विहिरीचा गाळ म्हणा, दहावीच्या मुलांची रात्रीची अभ्यासिका म्हणा. काम लहान असले तरी चालेल, पण ते उत्सव संपल्याच्या दुसऱ्या दिवशीही दिसले पाहिजे. तिसरे, ढोल वाजवायला मुली पुढे असतात, पण खर्च ठरवण्याच्या बैठकीत त्या दिसत नाहीत. त्यांना तिथेही जागा द्या.

खेड्यातल्या श्रोत्यांना आणखी एक सांगायचे आहे. जुन्या गावगाड्यात कामाचे वाटे होते हे खरे, पण ते जातीने ठरत. कोणाच्या वाट्याला मान येई, कोणाच्या वाट्याला नुसते ओझे. उपनगरातल्या त्या दोराला हात लावताना कोणी कोणाची जात विचारली नाही. साताऱ्याचा कोण आणि उत्तरेकडून आलेला कोण, हेही विचारले नाही. गावाने उपनगराला वाटून काम करण्याची रीत दिली. आता तो वाटा जन्मावर न ठरवता आवडीने उचलायचा, एवढे गावाने उपनगराकडून घ्यावे. ज्या अभिमानात शेजाऱ्याला जागा नाही, तो अभिमान पाण्यात दोर धरायला उपयोगी पडणार नाही.

आता मी वर्गातला माझा प्रश्न बदलला आहे. "तुमचे गाव कोणते?" असे न विचारता मी विचारतो, "तुमच्या गल्लीत तुमच्याकडे कोणते काम आहे?" पहिल्या वर्षी साठ मुलांत पाच हात वर झाले. हात वर न करणाऱ्यांत मी स्वतःही होतो. आता आमच्या मंडळाची पुस्तकांची पेटी माझ्या घरी असते. दर रविवारी सकाळी मुले येतात, आणि त्या मुलाचे नाव मला ठाऊक झाले आहे.