अनोळखी माणसाला विचारताना



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाटक, लोककला आणि गोमंतकाचा इतिहास अशा विषयांवर जाणकार बोलून गेले. त्याच व्यासपीठावर मी ‘मुक्त सॉफ्टवेअर आणि छंद यांबाबत अनोळखी लोकांकडून घ्यायचा सल्ला’ हा विषय घेऊन उभा राहणार म्हटल्यावर कार्यवाहांनी मला हळूच विचारले, “याचा साहित्याशी संबंध काय?” प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल आधी घरातली एक हकिकत सांगतो.

माझ्या वडिलांची भजनाची वही होती. पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या भजनी घरांत अशा वह्या असतात हे तुम्हांला सांगायला नको. अभंग, गौळणी, आरत्या, आणि समासात कोणती चाल कोणाकडून घेतली त्याची बारीक अक्षरात नोंद. १९९८ साली ही वही आम्ही एका छापखान्यात टाईप करून घेतली, थोड्या प्रती काढून नातेवाइकांत वाटल्या आणि फाईल जपून ठेवली. पुढे मूळ वहीला वाळवी लागली. छापखाना बंद झाला. वाटलेल्या प्रतींपैकी धड अशी एकही हाताला लागेना. फाईल तेवढी फ्लॉपीवरून सीडीवर आणि सीडीवरून संगणकावर अशी बिऱ्हाडे बदलत राहिली होती. नवी आवृत्ती काढावी म्हणून ती उघडली, तर पडद्यावर एकही मराठी अक्षर नाही. इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे यांचा नुसता काला.

ओळखीच्या चारपाच जणांना विचारले. सगळ्यांनी ‘फाईल खराब झाली’ असे सांगून हात वर केले. मग भाच्याच्या सांगण्यावरून, मुक्त सॉफ्टवेअर वापरणारी मंडळी जिथे एकमेकांच्या अडचणी सोडवतात तिथे इंटरनेटवर मी प्रश्न टाकला. प्रश्न असा होता: ‘मराठी फाईल उघडत नाही. तातडीने मदत करावी.’ दोन दिवस कोणी फिरकले नाही. मला राग आला. तिसऱ्या दिवशी एकाने उत्तराऐवजी उलट तीन प्रश्न विचारले. फाईल कोणत्या प्रोग्राममध्ये केली होती? अक्षरवळणाचे, म्हणजे फॉन्टचे, नाव काय दिसते? आणि पडद्यावर दिसणारी एक ओळ व तिथे खरे काय असायला हवे ती ओळ, अशा दोन्ही लिहून पाठवता येतील का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधायला मला अर्धा दिवस लागला. तिसऱ्यासाठी मी एका पाठ असलेल्या आरतीची ओळ पाठवली. ती पाहताच पलीकडचा माणूस इंग्रजी सोडून मराठीत लिहू लागला. सोलापूरकडचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता तो. तोवर मी त्याला ‘सर’ म्हणत होतो आणि तो मला. त्यानंतर तो मला ‘काका’ म्हणू लागला.

फाईल खराब झालेलीच नव्हती. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षरच. तो फॉन्ट असेल तोवर ते मराठी दिसे, फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडे. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहते. तेव्हा एका पद्धतीतून दुसरीत रूपांतर करायचे, एवढाच प्रश्न होता. त्यातही खोच अशी की जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी टाईप होई. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. रफाराचे नेमके उलटे. ‘कीर्ती’ लिहिताना जुन्या फाईलमध्ये रफार ‘ती’नंतर असतो, युनिकोडमध्ये अर्धा र ‘ती’च्या आधी. हे सगळे जागेवर आणणारा छोटा प्रोग्राम कोणीतरी आधीच लिहून फुकट ठेवला होता. त्या मुलाने तो माझ्या फॉन्टसाठी दुरुस्त करून दिला. वही परत आली. फक्त ‘वारकऱ्यांच्या’ या शब्दाचे सगळीकडे ‘वारकर्यांच्या’ झाले होते. दऱ्या आणि दर्या यांतला फरक समुद्रकाठच्या माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही. तेवढे मी हाताने सुधारले.

मी त्याला पैसे विचारले. तो म्हणाला, “पैसे नकोत. काय केल्यावर जमले ते तिथेच लिहून ठेवा, म्हणजे पुढच्याला उपयोगी पडेल.” मी लिहिले, पण इंग्रजीत लिहिले. तांत्रिक मजकूर इंग्रजीतच शोभतो असे मला वाटले. या चुकीकडे मी पुन्हा येणार आहे.

मित्रहो, अनोळखी माणसाला विचारण्याचा हा प्रकार संगणकाबरोबर आला असे समजू नका. आपल्याच भूमीतले एक उदाहरण घ्या. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापले गेले. भाषा मराठी, लिपी रोमन. देवनागरी त्यांना नको होती असे नाही. १६०८ साली त्यांनी आपल्या संघाच्या रोममधील प्रमुखांना पत्र लिहून या देशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापली जावीत अशी इच्छा कळवली होती. अडचणही नेमकी लिहिली होती: युरोपीय लिपीला चोवीस साचे पुरतात, इथल्या लिपीला सहाशेच्या आसपास लागतील. आपल्या प्रियोळच्या अ. का. प्रियोळकरांनी भारतातील मुद्रणाच्या इतिहासावरील १९५८ च्या ग्रंथात या पत्राची दखल घेतली आहे. प्रश्न कसा विचारावा याचा हा चारशे वर्षांपूर्वीचा नमुना आहे. काय हवे, कशाने अडले, आकडा किती, सगळे त्यात आहे. पण सहाशे साचे पाडणारा हात तेव्हा मिळाला नाही. १८०५ साली विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांसह छापले गेले, तेही दूर बंगालमध्ये, श्रीरामपूरला. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली ज्या गोव्यात उतरला, त्या गोव्याची लिपी मात्र ताटकळत राहिली.

आता परदेशातली दोन उदाहरणे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत एक नवा प्रिंटर वारंवार अडकत असे. रिचर्ड स्टॉलमन हे तिथले प्रोग्रामर. कागद अडकला की संगणकाने सगळ्यांना कळवावे, एवढी सुधारणा त्यांना करायची होती. त्यासाठी प्रिंटरच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर हवा होता. तो ज्याच्याकडे होता त्याला त्यांनी जाऊन विचारले. गुप्ततेचा करार केला आहे म्हणून त्याने नकार दिला. हा नकार स्टॉलमन यांच्या मनात घर करून राहिला. १९८३ साली त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरची योजना जाहीर केली. कोणीही वापरावे, आतून पाहावे, बदलावे आणि दुसऱ्याला द्यावे, हा तिचा गाभा.

दुसरे उदाहरण १९९१ च्या ऑगस्टमधले. फिनलंडमधल्या हेलसिंकीचा लिनस टॉरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी. त्याने संगणकप्रेमींच्या समूहाला लिहिले की मी एक संचालनप्रणाली तयार करतो आहे, निव्वळ छंद म्हणून, फार मोठे काही होणार नाही. पण सध्याच्या प्रणालीत तुम्हांला काय आवडते आणि काय आवडत नाही ते सांगा. लोकांनी सांगितले. त्यातून लिनक्स उभे राहिले. आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉईड फोनच्या तळाशी तेच आहे. म्हणजे एका नाकारलेल्या प्रश्नातून एक चळवळ निघाली आणि एका ऐकल्या गेलेल्या प्रश्नातून जगभर पसरलेले काम. ज्याने विचारले त्याने सुरुवातच ‘हा माझा छंद आहे’ अशी केली होती.

छंदाची गोष्ट निघाली म्हणून आपल्या घुमटाकडे येतो. मातीच्या मडक्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे चढवीत. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आली आणि आता शेळीचे कातडे वापरतात. डिचोलीतल्या एखाद्या मुलाला चवथीच्या आरतीसाठी स्वतः घुमट मढवावेसे वाटले, तर त्याच्यापुढे किती प्रश्न उभे राहतील पाहा. कातडे किती वेळ भिजवायचे? किती ताणायचे? भाद्रपदाच्या दमट हवेत आवाज बसला तर काय करायचे? याची उत्तरे जुन्या वादकांच्या आणि कुंभारांच्या बोटांत आहेत. कोणी विचारले नाही तर ती त्यांच्याबरोबर जातील. आणि विचारले, पण लिहून ठेवले नाही, तर ती एकाच घरात राहतील.

आपल्याला विचारायला जड जाते, हे मी स्वतःवरून सांगतो. वयाने मोठा माणूस मुलाच्या वयाच्या पोराला विचारणार कसा? जुन्या घरातला माणूस आपल्याला येत नाही हे कबूल करणार कसा? म्हणून आपण प्रश्न अर्धवट विचारतो, किंवा हुकूम सोडतो. माझ्या पहिल्या प्रश्नातले ‘तातडीने’ हे तेच होते. चांगला प्रश्न विचारणे ही समोरच्याच्या वेळेची कदर आहे. मी काय करू पाहत होतो, काय केले, काय झाले आणि काय व्हायला हवे होते, या चार गोष्टी सांगितल्या की निम्मे उत्तर आपल्यालाच सापडते.

सल्ला घेताना सावधपणाही हवा. मूळ फाईलची नक्कल काढल्याशिवाय तिला हात लावू नये. सांगणारा गोड बोलतो म्हणून समजल्याशिवाय कुठलाही प्रोग्राम चालवू नये. बँकेचा तपशील, पासवर्ड, घरचा पत्ता कोणी मागितला तर तिथेच थांबावे. चांगल्या ठिकाणी एकाचे चुकलेले उत्तर दुसरा दुरुस्त करतो. म्हणून आडबाजूला घेऊन सांगणाऱ्यापेक्षा चारचौघांत सांगणाऱ्यावर भिस्त ठेवावी. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तिथे चर्चेच्या पानाला ‘चावडी’ म्हणतात. हे नाव मला फार आवडते. चावडीवर बोललेले सगळ्यांना ऐकू जाते.

आता माझ्या चुकीकडे. वही परत आल्यावर काही महिन्यांनी पेडण्याहून एका मुलीचा फोन आला. तिचे वडील दशावतारात काम करीत. त्यांनी जमवलेल्या पदांची टिपणे अशाच जुन्या फॉन्टमध्ये अडकली होती. कोणाकडून तरी माझे नाव तिला कळले होते. मी विचारले, “बाय, इंटरनेटवर शोधलेस का?” ती म्हणाली, “पुष्कळ शोधले काका, मराठीत काहीच नाही.” तिच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर तिथेच होते, मी स्वतः लिहिलेले. पण ते इंग्रजीत होते, आणि तिने तिच्या भाषेत शोधले होते. त्या रात्री बसून मी ते मराठीत लिहिले.

कार्यवाहांच्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे. ज्या भाषेत माणसे कविता लिहितात, पण बिघडलेली वस्तू कशी दुरुस्त करावी हे विचारत नाहीत, ती भाषा हळूहळू दिवाणखान्यापुरती उरते. आपल्या नातवंडांचा रोजचा प्रश्न मराठीत विचारला गेला आणि त्याचे उत्तर मराठीत सापडले, तर ती भाषेत राहतील. देवनागरीतले हे काम कोकणीच्याही उपयोगी पडेल, कारण अक्षरांचे क्रमांक दोघींचे एकच आहेत.

म्हणून संस्थेला माझी एक विनंती आहे. ज्यांच्या घरात अशा जुन्या फाईली, वह्या, टिपणे पडून आहेत, त्यांनी वार्षिक संमेलनाला ती घेऊन यावीत. आपली कॉलेजातली मुले बसतील, ज्येष्ठांनी त्यांना विचारावे आणि मुलांनी ज्येष्ठांना. जे जमेल ते त्याच दिवशी मराठीत लिहून सर्वांसाठी खुले ठेवावे. वडिलांच्या वहीच्या समासात त्यांनी प्रत्येक चालीपुढे ती कोणाकडून घेतली ते लिहिले होते. नव्या आवृत्तीत मी त्या नोंदी तशाच ठेवल्या आहेत आणि शेवटी सोलापूरच्या त्या मुलाचे ऋण नोंदवले आहे.