धरणाभोंवतींचे पहारेकरी

१९६२ सालीं कोयनेच्या धरणांत पाणी सांठूं लागलें आणि परिसरांत धक्के जाणवूं लागले. म्हणून तेथें भूकंपमापक यंत्रें बसविण्यांत आलीं. एका यंत्रावरून धक्क्याचें अंतर कळतें. त्याचें स्थान ठरविण्यास निदान तीन ठाणीं लागतात. तरीहि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं, धरणास भेगा पडल्या, मुंबईचा वीजपुरवठा तुटला. मग हा पहारा व्यर्थ म्हणावा काय? भाकीत त्यानें केलें नाहीं, हें खरें. परंतु धरणांतील यंत्रानें टिपलेला हादरा पुढें धरणाच्या मजबुतीचा हिशेब करण्यास आधारभूत ठरला. अशा ठाण्यांची नुसती संख्या मोजूं नये. त्यांच्या नोंदींनीं कोणतें बांधकाम सुधारलें, हें विचारावें.