किळस अन्नाची की माणसाची?



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर लागला तेव्हा एका गृहस्थांनी कार्यवाहांना विचारले म्हणे, "किडे आणि उंदीर खाण्यावरचे हे भाषण जेवणाआधी आहे की नंतर?" आम्ही कार्यवाहांना कळवले, की जेवणाआधीच ठेवा. म्हणजे घरी जाऊन पानावर बसल्यावर मंडळी आपल्याच पानाकडे जरा निराळ्या नजरेने पाहतील. तेवढे झाले तरी आमचे काम झाले.

एक खुलासा प्रथमच करतो. कोणाच्या घशाखाली काही उतरवण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. जे शाकाहारी आहेत त्यांना मांसाला पर्याय सुचवण्याची गरजच नाही. तो त्यांच्या पानात वरणाच्या रूपाने रोज असतो. आमचा प्रश्न निराळा आहे. अमुक एक प्राणी अन्न आणि तमुक एक घाण, हे आपण ठरवतो कशावरून?

'किडे का खाऊ नयेत?' असा प्रश्न पुस्तिकेच्या मथळ्यावरच छापून व्हिन्सेंट होल्ट नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने १८८५ साली आपल्या देशबांधवांना कोड्यात टाकले. पिकांवरचे किडे वेचावेत आणि गरिबाने ते खावेत, म्हणजे पीकही वाचेल आणि पोटही भरेल, असा त्याचा हिशेब होता. लोकांनी पुस्तिका वाचली, करमणूक करून घेतली आणि पुन्हा आपल्या गोमांसाकडे वळले. पुढे २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने याच विषयावर मोठा अहवाल काढला. जगात एकोणीसशेहून अधिक जातींचे कीटक खाल्ले जातात आणि निदान दोनशे कोटी माणसांच्या आहारात ते आहेत, असे त्यात म्हटले होते. दोनशे कोटींचा हा आकडा फार ढोबळ आहे, हे पुढे त्या विषयाच्या अभ्यासकांनीच मान्य केले. तो निम्मा धरला तरी ही काही चार विक्षिप्त माणसांची आवड ठरत नाही.

मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात नाकतोडे लसूण, लिंबू आणि मीठ लावून भाजतात व बाजारात टोपल्या भरून विकतात. दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, झिंबाब्वे या भागांत मोपाने झाडावरच्या जाड अळ्या पिळून साफ करतात, मिठाच्या पाण्यात उकडतात आणि उन्हात वाळवून वर्षाची बेगमी करतात. आपल्याकडे सुकी मासळी भरून ठेवावी तशी. यहुदी धर्मग्रंथाने टोळांच्या चार जाती खाण्यास मुभा दिली आहे. इस्लामलाही टोळ निषिद्ध नाहीत. एवढे दूर कशाला जा? आसामात एरी रेशमाच्या कोशातला किडा खातात आणि तो आवडीने खातात. बस्तरमध्ये लाल मुंग्या आणि त्यांची अंडी मिरचीबरोबर वाटून चटणी करतात, आणि तिथून जवळ असलेल्या आपल्या गडचिरोलीतील माडिया लोकांनाही ही चटणी परकी नाही. ओडिशातील मयूरभंजच्या अशाच चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दार्जिलिंगच्या चहाला आणि रत्नागिरीच्या हापूसला जो मान आहे, तोच आता मुंग्यांच्या चटणीला आहे!

"असेल, पण आम्ही नाही बुवा किडे खात," असे आपण म्हणाल. खरे आहे का ते? या सभागृहात जवळा खाणारी मंडळी पुष्कळ असतील. जवळा म्हणजे काय? सांध्यासांध्यांचे पाय, वर कठीण कवच, डोक्याला मिशा असलेला हा जीव प्राणिशास्त्राने कीटकांच्याच मोठ्या गोतावळ्यात, संधिपादांत, बसवला आहे. कोळंबी आणि खेकडा त्याच घरचे. हे नाते इतके सख्खे आहे, की ज्याला कोळंबी सोसत नाही, अंगावर पित्त उठते, त्याने नाकतोडाही खाऊ नये असे वैद्यकशास्त्र सांगते. आता जे मासळीही खात नाहीत त्यांनी हसू नये. गोळ्या-चॉकलेटांवर जी चकाकी असते ती पुष्कळदा लाखेची असते, आणि लाख हा एका किड्याच्या अंगातून पाझरणारा पदार्थ. खाद्यपदार्थांतला कार्माइन नावाचा लाल रंग तर कोचिनिअल नावाचे किडे वाळवून, कुटूनच काढतात. मध कोणाच्या पोटात तयार होतो हे सांगायला नको. तेव्हा प्रश्न किडा पोटात जातो की नाही हा नव्हे. तो दिसतो की नाही, एवढाच आहे.

आता, हा विषय आजच का निघाला? कारण मांस महाग पडते. खिशाला आणि त्याहून अधिक जमिनीला. गुरांचे वजन एक किलो वाढवायला सुमारे आठ किलो खाद्य लागते; रातकिड्यांना सुमारे दोन किलो पुरते, असे त्या अहवालात दिले आहे. कारण सोपे आहे. गाय, बकरी, कोंबडी यांना आपले अंग ऊबदार ठेवावे लागते आणि खाल्लेल्यातले पुष्कळसे त्यातच जळते. किड्याला ती चिंता नाही. तो आसपासच्या हवेइतकाच ऊन किंवा थंड. शिवाय बैलाची हाडे, शिंगे, कातडे जाऊन निम्म्याहून कमी भाग पानात येतो. रातकिड्याचा बहुतेक सगळा येतो.

थायलंडने हा हिशेब व्यवहारात उतरवून दाखवला. तेथील खोन केन विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांनी १९९८ साली शेतकऱ्यांना रातकिडे पाळायला शिकवले. सिमेंटच्या टाक्या, आत रचून ठेवलेले अंड्यांचे पुठ्ठे, वर जाळी. सुमारे दीड महिन्यात पीक तयार. २०१३ पर्यंत असे व्यवसाय करणाऱ्यांची संख्या वीस हजारांच्या घरात गेली होती. हे कोणा भांडवलदाराचे कारखाने नव्हेत. बहुतेक घराच्या परसात चालणारे जोडधंदे.

परंतु नाण्याची दुसरी बाजू दाखवली नाही तर आमची गणना जाहिरातवाल्यांत होईल. हे थायी रातकिडे खातात काय? बरेचसे कोंबड्यांचेच खाद्य. ज्या धान्या-पेंडीवर कोंबडी वाढते त्यावरच किडा वाढवला, तर बचत ती किती? कॅलिफोर्नियात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चांगल्या खाद्यावरचे रातकिडे कोंबडीच्या फारसे पुढे गेले नाहीत. आणि शहरातल्या उष्ट्या-खरकट्यावर, फारसे संस्कार न करता, वाढवायला ठेवलेले जवळजवळ सगळे मेले. युरोपीय संघाने २०२१ साली वाळवलेल्या पिवळ्या अळ्या माणसाचे अन्न म्हणून विकायला परवानगी दिली, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. पण अळ्यांचे अवाढव्य कारखाने उभारणाऱ्या एका नामांकित फ्रेंच कंपनीला २०२४ साली देणेकऱ्यांपासून संरक्षण मागायला न्यायालयात जावे लागले. किडा स्वस्त आहे. वातानुकूलित इमारतीत यंत्रांनी वाढवलेला किडा स्वस्त नाही.

होल्टसाहेबांच्या सूचनेतही एक खोच आहे. २०२० च्या मे महिन्यात टोळधाड थेट विदर्भात, अमरावती-नागपूरपर्यंत आली. आपण डबे वाजवले, औषधे फवारली. त्याच वर्षी पाकिस्तानात ओकारा भागात रात्री झाडांवर निपचित बसलेले टोळ शेतकऱ्यांकडून किलोच्या भावाने विकत घेऊन त्यांचे कोंबडीखाद्य करून पाहण्यात आले. कल्पना नामी, पण फवारणी झालेला टोळ ना माणसाच्या कामाचा, ना कोंबडीच्या. विष एकदा रानात गेले की अन्न आणि घाण यांतला फरकच पुसला जातो.

आता उंदरांकडे वळू. प्राचीन रोममधले धनिक लोक डॉरमाउस नावाचा उंदरासारखा प्राणी मातीच्या रांजणात कोंडून, खाऊ-पिऊ घालून लठ्ठ करीत आणि मेजवानीत वाढीत. पेरू देशात गिनीपिग हे हजारो वर्षांचे पाळीव अन्न आहे. तेथील कुस्को शहराच्या मोठ्या चर्चमध्ये ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचे एक अठराव्या शतकातले चित्र आहे, त्यात येशूपुढच्या ताटात गिनीपिगच वाढला आहे असे सांगतात. पश्चिम आफ्रिकेत घाना, बेनिन येथे ग्रासकटर नावाचा मोठा कुरतडणारा प्राणी पाळतात आणि त्याच्या मांसाला चांगली किंमत येते.

आपल्या देशात काय आहे? तमिळनाडूतील इरुळ लोक मडक्यात धूर करून तो शेतातल्या बिळात फुंकतात आणि उंदीर धरतात. आपल्या ठाणे-रायगडातील कातकरी भात कापून झाल्यावर खाचरांच्या बांधातली बिळे खणतात. त्यांना उंदीर मिळतो आणि उंदराने साठवलेले भातही मिळते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही विनामोल राखण. बिहारमधील मुसहरांचे तर नावच उंदरावरून पडले असे सांगतात. त्याच समाजातले जीतनराम मांझी २०१४ साली बिहारचे मुख्यमंत्री झाले, आणि आपण उंदीर खाल्ला आहे हे त्यांनी लपवले नाही.

येथे सावधगिरीचा शब्द सांगितलाच पाहिजे. ज्या महाराष्ट्राने १८९६-९७ चा प्लेग सोसला त्याला उंदराचे भय शिकवायला नको. २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोचा ताप पसरला, तोही उंदीर-घुशींच्या मुतातून पसरणारा. शेतातला धान्य खाणारा उंदीर आणि गटारातली घूस यांत मोठे अंतर आहे. पण शेतातल्या उंदराला आज झिंक फॉस्फाइडचे विष घातले जाते आणि धोका मग खाणाऱ्यालाच. तेव्हा उंदीर धरा आणि खा, असा उपदेश आम्ही करणार नाही.

मग आम्ही हे सांगतो आहोत कशासाठी? त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल; ती आमच्या अभिमानाची नाही. आम्ही त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात एका खेड्यातल्या शाळेत होतो. वर्गात एक कातकरी मुलगा आला. वाडीवरून शाळेत आलेला तो पहिलाच. अक्षर चांगले होते त्याचे. एके दिवशी मधल्या सुट्टीत कोणीतरी विचारले, "काल काय खाल्लेस रे?" त्याने खरे ते सांगितले. त्या दिवसापासून त्याचे नाव 'उंदऱ्या' पडले. आम्हीही त्या नावाने हाक मारली, आणि इतरांपेक्षा मोठ्याने मारली. दोन आठवड्यांनी तो यायचा बंद झाला. गुरुजींनी हजेरीत त्याच्या नावापुढे रेघ मारली, आणि आम्ही घरी जाऊन भाकरीबरोबर जवळ्याची चटणी खाल्ली.

भगिनींनो आणि बंधूंनो, तो उंदीर आमच्या पानात कोणी वाढत नव्हते. मग आम्हाला किळस कशाची आली? तो खाणारा वाडीवरचा होता म्हणून आली. तोच उंदीर रोमच्या सरदाराने खाल्ला की इतिहास होतो. तीच अळी युरोपात पूड करून डब्यात घातली की भविष्यकाळाचे अन्न होते. आणि ज्यांनी पिढ्यानपिढ्या, कोणाची जमीन न अडवता, कोणाचे पाणी न तोडता, या अन्नावर दिवस काढले ते मात्र अडाणी ठरतात. उद्या सुबक डब्यातून मुंग्यांची चटणी शहरात विकली जाईल. तिचा नफा रानात जाऊन मुंग्यांचे चावे सोसणाऱ्याच्या हातात जाईल, की डबा छापणाऱ्याच्या?

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. गरिबाला मांस परवडत नाही, तर त्याने किडे खावेत, असे होल्टसाहेबांसारखे म्हणू नये. गरिबाला डाळ, अंडे, दूध परवडले पाहिजे, हे पहिले. किड्याचा मोठा उपयोग आपल्या पानात नव्हे, तर कोंबडीच्या आणि माशांच्या खाद्यात होण्याजोगा आहे. खरकट्यावर पोसणाऱ्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या त्या कामी येतात, आणि शहराचा कचराही त्यामुळे थोडा हलका होतो. ज्यांना हे अन्न रुचते त्यांचे रान, त्यांचे बांध विषापासून राखावेत, हे तिसरे. आणि शेवटचे, ज्याला कवडीचाही खर्च नाही : आपल्या मुलांना सांगावे, की दुसऱ्याच्या पानातले आपल्याला नको असेल तर "नको" म्हणावे, "शी" म्हणू नये. 'नको' हे आपल्या जिभेविषयी असते, 'शी' हे समोरच्या माणसाविषयी असते.

तो मुलगा पुढे आम्हाला कोठे भेटला नाही. भेटला असता तर आमच्यापाशी सांगायला एकच वाक्य होते, आणि ते सांगायचे राहून गेले.