पाणी भरायचं, पण पाण्यात उतरायचं नाही

(मावळ तालुक्यातील महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलींना खेळात पुढे कसं आणायचं यावर मी बोलावं, असं मला सांगण्यात आलं. मी एकाच खेळावर बोलणार आहे, कारण मला तो एकच शिकवता येतो. 2022 च्या उन्हाळ्यात आम्ही मावळातल्या मुलींचा पोहण्याचा संघ सुरू केला. संघ हा शब्द जरा मोठाच झाला. अकरा मुली होत्या, वय दहा ते पंधरा. तलाव आमचा नाही. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी एक तास, भाडं भरून मिळतो. नाणे मावळ, पवन मावळ आणि अंदर मावळ, अशा तिन्हीकडच्या मुली येतात, कुणी लोकलनं, कुणी बापाच्या मोटारसायकलवर, कुणी दुधाच्या टेम्पोत.

आधी पाण्याबद्दल बोलू या. आपल्या तालुक्यात पाणी काही कमी नाही. पण ते कुणासाठी अडवलं, हे जरा आठवा. भुशीचं धरण रेल्वेनं बांधलं ते वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून. लोणावळा, वळवण आणि शिरवट्याचं पाणी टाटांच्या वीज कंपनीनं अडवलं आणि 1915 साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं. वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. ते बंद नळातून न्यायच्या योजनेविरुद्ध 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर आपली माणसं उतरली. पोलिसांच्या गोळीबारात तिघं गेली आणि त्यांत एक बाई होती, कांताबाई ठाकर. म्हणजे पाण्यासाठी रस्त्यावर यायला आणि मरायला बाई चालते. ते भरून आणायला तर चालतेच. धुण्याला, भांड्यांना, म्हशी धुवायला चालते. फक्त तिनं पाण्यात उतरून हातपाय मारले की लोकांच्या भुवया वर जातात.

आपल्या गावांत मुलगे पोहायला कसे शिकतात? विहिरीवर चुलता नाहीतर मामा घेऊन जातो. पाठीला वाळक्या भोपळ्यांची जोडी, पत्र्याचा डबा किंवा पांगाऱ्याचं लाकूड बांधतो आणि देतो ढकलून. दोन उन्हाळ्यांत पोरगं सूर मारायला लागतं. ही शाळा फुकट आहे, गावातच आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. मुलींना तिथे प्रवेश नाही, एवढंच. कुणी तसा नियम केलेला नाही, पण त्या तिथे दिसत नाहीत. मुलगी त्याच विहिरीच्या काठावर भावाचे कपडे सांभाळत बसलेली असते.

आता 30 जून 2024 चा रविवार आठवा. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, एक बाई आणि चार मुलं. पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून ती उभी होती, ते चित्रण आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं. मीही पाहिलं, आणि पुन्हा पाहायची हिंमत झाली नाही. त्या लोंढ्यात पट्टीचा पोहणाराही टिकला नसता, हे मी इथे स्पष्ट सांगते. पोहता आलं की पाणी आपलं झालं, असं कुणी समजू नये.

पण त्यानंतर काय झालं ते ऐका. शासनानं बंदीचे आदेश काढले, ते ठीकच होतं. आणि त्याच आठवड्यात माझ्या संघातल्या नऊ मुलींची नावं घरच्यांनी काढून घेतली. अपघात धबधब्यात झाला आणि बंदी आली तरणतलावावर, तीही मुलींवर. त्या नऊ घरांपैकी निदान चार घरांत मुलगे आहेत, ते पुढच्या रविवारी नदीवर गेले होते. मी एका आईला विचारलं, "अहो, ज्या गोष्टीनं पोरगी वाचेल तीच बंद करता?" ती म्हणाली, "ताई, मला कळतंय. पण उद्या काही झालं तर 'कशाला पाठवलं' असं मलाच विचारतील. पोराच्या बाबतीत मला कुणी विचारत नाही." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नऊपैकी सहा मुली दिवाळीपर्यंत परत आल्या, आणि त्या माझ्या बोलण्यानं नाही, तर संघातल्याच मुलींच्या आया त्यांच्या घरी जाऊन बसल्या म्हणून. पुढच्या वर्षी 15 जून 2025 ला इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा पूल कोसळून चार माणसं गेली, तेव्हा आम्ही दुसऱ्याच दिवशी सकाळी आयांना तलावावर बोलावून घेतलं, आणि एकही नाव गेलं नाही.

मुलींनाच पोहणं न शिकवण्याची किंमत काय असते, हे 2004 च्या त्सुनामीनंतर जगानं पाहिलं. ऑक्सफॅम संस्थेनं मार्च 2005 मध्ये इंडोनेशिया, श्रीलंका आणि तामिळनाडूच्या किनाऱ्याबद्दल लिहिलं की तिथे मेलेल्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांहून खूप जास्त होतं. कारणं अनेक. बायका घरात होत्या, पोरं कडेवर होती. पण त्यातलं एक कारण असं की पोहायला आणि झाडावर चढायला फक्त मुलग्यांना शिकवलेलं होतं. बांगलादेशानं यावर साधा उपाय केला. गावच्या तळ्यात बांबूचा माच बांधला, त्यात कमरेएवढ्या पाण्यात लहान मुलामुलींना शिकवलं, आणि शिकवणारे गावातलेच तरुण घेतले. त्याला काही संगमरवरी तलाव लागला नाही.

आता तलावावरच्या गोष्टी. शिकवण्याचा भाग खरं तर सोपा आहे. पहिले चार दिवस हातपाय मारायचेच नाहीत. तोंड पाण्यात घालून नाकातोंडानं बुडबुडे सोडायचे. नवशिका माणूस पाण्याखाली श्वास कोंडून धरतो, वर आल्यावर एकदम सोडायला आणि घ्यायला जातो आणि ठसकतो. पाण्यात सोडा, वर घ्या, एवढंच पाठ करायचं. मग पाठीवर पडून राहायचं, कान पाण्यात, हनुवटी आभाळाकडे, पोट वर. मुलींना नेमकं हेच जड जातं. दहा-बारा वर्षांची मुलगी तोपर्यंत छाती आत घेऊन, खांदे वाकवून चालायला शिकलेली असते. तिला सांगावं लागतं, पसर हात, फुलव छाती, कुणी बघत नाहीये. एकदा ती पाण्यावर पडून राहिली की फ्रीस्टाइल यायला महिनाही लागत नाही.

अवघड आहे ते काठावरचं. पहिला प्रश्न कपड्यांचा. सुती सलवार पाणी पिते आणि पाय खाली ओढते, त्यामुळे ती घालून शिकवणं मला धोक्याचं वाटतं. घरच्यांना वाटतं की स्पर्धेचा पोशाख म्हणजे उघड्या मांड्या. मी आता नियमच सांगते. जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे मुलींचा पोशाख खांद्यापासून गुडघ्यापर्यंत असू शकतो. गुडघ्यापर्यंतचा शिवलेला पोशाख घालून माझ्या मुली स्पर्धेत उतरतात, आणि तो नियमात बसतो. काहीजणी म्हणतील, ही तडजोड झाली, मुलीच्या अंगावर काय असावं हे बाप का ठरवणार? बरोबर आहे. पण मला मुलगी आधी पाण्यात हवी आहे. पाण्यात उतरल्यावर दुसऱ्या वर्षी कोणता पोशाख घालायचा हे ती स्वतः ठरवते, असा माझा अनुभव आहे, आणि त्यातल्या दोघी आज बिनबाह्यांचा आखूड पोशाख घालतात. एक अजूनही गुडघ्यापर्यंतचा घालते आणि सगळ्यांत वेगानं पोहते.

दुसरा प्रश्न पाळीचा. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चीनची फू युआनह्वी रिलेनंतर वाहिनीच्या माणसाला सरळ म्हणाली की काल पाळी आली, म्हणून थकवा आहे. त्यावर जगभर चर्चा झाली, कारण कुठली पोहणारी असं कॅमेऱ्यासमोर बोलतच नव्हती. आमच्याकडे हजेरीच्या वहीत 'आज पाण्यात नाही' असा एक रकाना आहे. मुलगी तिथे खूण करते, कारण सांगत नाही. त्या दिवशी ती काठावर वेळ नोंदवते. ज्यांना उतरायचं असेल त्या उतरतात, आणि विटाळाची भाषा तलावावर चालत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर, आणि त्यावर आपल्या चळवळीनंही पुरेसं बोललेलं नाही. पोहायला शिकवताना अंगाला हात लागतो. पोटाखाली, पाठीखाली आधार द्यावाच लागतो. आणि प्रशिक्षक बहुतेक पुरुष. सप्टेंबर 2019 मध्ये गोव्यात पंधरा वर्षांच्या एका पोहणाऱ्या मुलीवर तिच्याच प्रशिक्षकानं केलेल्या अत्याचाराचं चित्रण बाहेर आलं, त्याला अटक झाली, पोहण्याच्या महासंघानं त्याच्यावर बंदी घातली. मला विचार येतो तो असा, की ते चित्रण नसतं तर? 2023 मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर बसलेल्या कुस्तीगीर मुली जगात पदकं आणलेल्या होत्या, आणि तरी त्यांना रस्त्यावर बसावं लागलं. माझ्या संघातली सातवीतली मुलगी कुठे बसणार आहे?

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवून टाकल्या. आधार देण्याचं काम मुलीच एकमेकींना करतात, जोडी-जोडीनं. मी हात लावायच्या आधी विचारते, आणि 'नको' म्हटलं तर ते तिथेच संपतं. काठावर रोज दोन आया असतात, पाळीपाळीनं. कोणताही प्रशिक्षक, मी धरून, एकट्या मुलीला गाडीवर नेत नाही, एकटीला मोबाईलवर निरोप पाठवत नाही. आणि आयांना आम्ही 2012 च्या पोक्सो कायद्याचं एक कलम समजावून सांगितलं आहे, की मुलावर असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'खेळाडूचं करिअर जाईल, गावाचं नाव जाईल' ही सबब कायद्यात नाही.

वेळेचंही एक सांगून टाकते. बहुतेक तलावांवर 'महिलांसाठी राखीव' तास असतो आणि तो असतो भर दुपारी. त्या वेळी मुली शाळेत, कामकरी बाई कामावर. मग पाटीवर लिहून ठेवतात, 'महिलांचा प्रतिसाद नाही'. आपल्यासारख्या गटांनी निवेदन द्यायचंच असेल तर आधी या तासावर द्यावं.

आता जे मला सर्वांत जास्त सलतं ते. माझ्याकडे आलेली सर्वांत चांगली पोहणारी कातकरी वाडीवरची होती. तिला मी काही शिकवलं नाही. आईबरोबर नदीत मासे धरत ती वाढलेली. पाण्याखाली डोळे उघडे ठेवून अशी जायची की मी काठावर आकडे मोजत उभी. दोन महिन्यांत तिनं संघातल्या सगळ्यांना मागे टाकलं. शालेय स्पर्धेत नाव द्यायचं तर जन्मतारखेचा कागद लागतो, चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट त्यावरच ठरतात. तिचा कागद नव्हता. मी आणि तिची आई पाच वेळा कार्यालयाच्या पायऱ्या चढलो. कागद मिळाला तेव्हा दिवाळी झाली होती आणि घरातली सगळी माणसं उचल घेऊन कोळसाभट्टीवर निघून गेली होती. तीही. लहान भावंडांना कोण सांभाळणार? तो कागद माझ्या कपाटात आहे. पुढच्या पावसाळ्यात ती आली तेव्हा तिचं लग्न ठरत होतं. ते आम्ही आणि शाळेच्या बाईंनी मिळून थांबवलं. सध्या थांबलं आहे, एवढंच म्हणते.

ज्यांनी पाण्याचा हक्क या महाराष्ट्राला शिकवला, त्या 20 मार्च 1927 च्या महाडच्या सत्याग्रहाचं नाव आपण प्रत्येक मेळाव्यात घेतो. मग पोहण्याच्या संघात मुली निवडताना कोणत्या वाडीवरच्या येतात आणि कोणत्या वाडीवरच्या येत नाहीत, हेही मोजायला हवं. आमच्या चौतीस मुलींत आज कातकरी दोन, ठाकर तीन. हा आकडा मी मुद्दाम सांगते.

पदकांबद्दल विचाराल तर जिल्ह्याच्या स्पर्धेत आम्ही बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या असतो. शहरातल्या मुली रोज दोन वेळा सराव करतात, आमच्या आठवड्यातून तीन तास. काही पालक दहावीच्या वाढीव गुणांसाठी पाठवतात, आणि मला त्यात गैर वाटत नाही. निमित्त कोणतंही चालेल. पण संघातून 'हळू' मुलींना काढा, म्हणजे निकाल दिसेल, असा सल्ला मला देतात, तो मी ऐकत नाही. जी हळू पोहते तिलाही बुडायचं नसतं.

एक उपयोगी गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. कुणी बुडताना दिसलं तर मागून उडी मारू नका. बुडणारा गळ्याला मिठी मारतो आणि दोघं जातात. साडी फेका, दोरी फेका, बांबू पुढे करा. पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा झाकण घट्ट लावून फेकला तरी माणूस त्यावर तरंगून राहतो. असा एक डबा दोरी बांधून नदीच्या प्रत्येक धुण्याच्या घाटावर लटकवायचा, हे काम आपले गट या पावसाळ्याआधी करू शकतात. खर्च काहीच नाही.

आणि आता तुमच्याबद्दल. काठावर बसणाऱ्या आयाच मला म्हणाल्या की ताई, आम्हालाही शिकवा. एप्रिलपासून रविवारी सकाळी साडेसहाला मोठ्या बायकांची तुकडी सुरू करतो आहोत. वयाची अट नाही. पहिल्या दिवशी फक्त बुडबुडे सोडायचे आहेत. पोशाख शिवणारी बाई आपल्यातलीच आहे, माप ती इथेच घेईल. वही मागच्या बाकावर ठेवली आहे. आतापर्यंत सात नावं आली आहेत, त्यातलं एक माझ्या सासूबाईंचं आहे.