वाडग्याची बाहेरची बाजू

अंथुर्णे गावाहून बारामती तालुक्यातलं सोनगाव फार लांब नाही. कऱ्हा तिथे नीरेला मिळते. तिथल्या पांढरीत डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातली खापरं निघाली. या घाटणीला संगमनेरजवळच्या गावावरून ‘जोर्वे’ म्हणतात. वाडगा चाकावर घडवलेला, तांबूस, असा भाजलेला की टिचकी मारली तर खणकावा. मध्यावर अंग मोडून धार काढलेली, आणि धारेच्या वर बाहेरून काळ्या रेषा, जाळीने भरलेली शंकरपाळी. या शंकरपाळ्यांचा अर्थ काय, असं सगळेच विचारतात. अर्थ सांगायला कुणी उरलेलं नाही. पण नक्षी कुठे काढली आहे, हे खापर आजही सांगतं, आणि माझ्या मते आधी तेच ऐकावं.

तुलनेसाठी, अमेरिकेतले मिंब्रेस कुंभार इ.स. १००० ते ११३०च्या सुमारास वाडग्याच्या आत चित्रं काढत: ससे, मासे, कोनाकोनांची नक्षी. माणूस गेला की असा वाडगा बुडाला भोक पाडून त्याच्या तोंडावर पालथा घालत. चित्र मृताकडे तोंड करून राही. आपल्याकडे उलट. नक्षी बाहेर, म्हणजे खाणाऱ्यापेक्षा समोर बसलेल्याला दिसणारी. ती जित्या माणसांच्या बैठकीसाठी होती, असं मला वाटतं. याच घाटणीची भांडी वापरणाऱ्या, शिरूर तालुक्यातल्या इनामगावात घराच्या जमिनीखाली लेकरं पुरली, ती तोंडाला तोंड लावलेल्या दोन करड्या, जाड्याभरड्या रांजणांत. त्यांवर ही काळी नक्षी नाही. कुणी म्हणेल, पुरताना शेजारी रंगीत वाडगे आणि तोटीची भांडीही ठेवत, त्याचं काय? ठेवत, खरं; पण ती घरातल्या वापराची भांडी, बाळाच्या खाण्यापिण्यासाठी दिलेली. लेकराला कुशीत घेणारं भांडं मात्र बिनरंगाचंच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: चार रेघा कोणीही ओढील, त्यांवरून एवढं अनुमान कशाला? इनामगावचं उत्खनन १९६८ ते १९८३ चाललं. तिथे इ.स.पू. १४०० ते १००० या काळात रंगकाम भरपूर दिसतं. पुढे शेती खालावली, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, भांडी ओबडधोबड झाली आणि नक्षी विरळ. रेघ फुकट असती, कुणाच्याही हातची असती, तर हलाखीतही टिकली असती. पण रंग भाजण्याआधी चढतो. त्याला मऊ चाळलेली माती लागते, नीट लागणारी भट्टी लागते, आणि ज्याच्या पोटाची सोय गाव करतं असा कुंभार लागतो. गावाजवळ वाढायलाच कमी उरलं, तेव्हा समोरच्याने पाहायची बाजूही कोरी राहू लागली.