माझा फुटबॉल, माझा गुडघा

मागच्या महिन्यात रेडिओ केंद्रातल्या ताईंनी मला विचारलं, "तुम्ही शाळेत फुटबॉल खेळायच्या म्हणे, त्यावर बोलाल का?" मी म्हटलं, सत्तावीस वर्षं झाली बॉलला पाय लावून, आता काय बोलू? पण त्याच आठवड्यात घरात एक गोष्ट घडली. म्हटलं, बोलायलाच पाहिजे.

कोल्हापूरचं फुटबॉलचं वेड आपल्या भागातल्या बाईला वेगळं सांगायला नको. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालमींची नावं, आणि तीच संघांचीही. शाहू स्टेडियमवर मॅच असली की आमचे आबा सायकलवरनं जायचे. पण ते सगळं पोरांचं. गावातल्या पोरींनी कबड्डी, खो-खो खेळावं, इथपर्यंत ठीक होतं. आमच्या शाळेत नवीन सर आले आणि त्यांनी आठवी-नववीच्या पोरी गोळा करून संघ काढला. बूट कुणाकडे नव्हते. भावाचे जुने बूट, पुढं चिंध्या कोंबून घालायचे. चड्डीचा प्रश्न ट्रॅकपँटवर मिटला.

मी मागं खेळायची, बॅक. बॅकला सगळं मैदान समोर दिसतं. पुढच्या पोरीला तिच्या पाठीमागनं कोण येतंय ते दिसत नाही, ते मागचीनं ओरडून सांगायचं असतं. "मागं आहे!" "वेळ आहे, वळ!" "सोड माझ्याकडं!" आता तुम्हीच सांगा, "हळू बोल, शेजारी ऐकतील" असं ऐकत वाढलेल्या पोरी आम्ही. पहिला आठवडा सगळ्या कुजबुजतच खेळलो. मग सरांनी नियम केला, हाक दिली नाही तर पास द्यायचा नाही. दोन महिन्यांत आमचा आवाज देवळापर्यंत जायला लागला.

तो आवाज मला पुढं फार उपयोगी पडला. गावच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, हे तुम्हाला ठाऊक असेल. आमच्याकडं ती नुसती सह्यांवर व्हायची. वही घरोघर फिरायची, आपण सही करायची, झाली सभा. एका वर्षी नळाच्या पाण्याचा विषय होता. मी ग्रामसेवकांना चारचौघांत विचारलं, "सभा कुठं झाली? कोण कोण बसलं होतं?" माझे हात थरथरत होते, पण आवाज नाही थरथरला. पुढच्या वेळी सभा खरोखर भरली. पाणी काही लगेच आलं नाही, ते सोडा.

बचत गटात मात्र उलटं झालं. मी सचिव. हिशोब मीच लिहायची, बँकेत मीच जायची, ठराव मीच. मला वाटायचं, मी किती करते! मग एकदा बाळंतपणासाठी लेकीकडं गेले, दीड महिना. आले तर वही तशीच कोरी, एका बाईच्या कर्जाचा हप्ता राहिलेला. तेव्हा सरांचं ओरडणं आठवलं. बॉल पायाशी धरून ठेवणारीला ते बाहेर बसवायचे, कितीही चांगली खेळत असली तरी. तेव्हापासून आमच्यात दर वर्षी वही दुसरीच्या हातात जाते. पहिल्या वर्षी चुका झाल्या, बेरजा चुकल्या. होऊ दे.

आता गुडघ्याचं सांगते.

दहावीत, तालुक्याच्या मॅचमध्ये, मी पळता पळता एकदम वळले. कुणाचा धक्का नाही, काही नाही. आतनं 'कट्' असा आवाज आला आणि मी खाली. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. घरी काय सांगितलं? पायरीवरनं घसरले. खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी खेळ बंद झाला असता. आईनं हळद लावली, विटेनं शेकलं, शेजारच्या आजीनं तेल लावून रगडलं. तीन आठवड्यांनी पट्टी बांधून मी परत मैदानावर.

मैदानावर सगळ्यांना हाका मारणारी मी, स्वतःच्या दुखण्याला एक हाक मारली नाही.

लग्नानंतर वैरणीचा भारा घेऊन बांध उतरताना गुडघा मधनंच निसटायचा. अडतिसाव्या वर्षी कोल्हापूरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, आतला दोर तेव्हाच तुटलेला, आणि इतकी वर्षं तसंच चालून गादीही झिजली. हा दोर, म्हणजे लिगामेंट, एक्स-रेत दिसत नाही. त्याला एमआरआय लागतो. आणि ही दुखापत खेळणाऱ्या पोरांपेक्षा पोरींना जास्त होते. हे मला कुणी सोळाव्या वर्षी सांगितलं असतं तर! त्याच डॉक्टरांनी एक चांगलंही सांगितलं. हाडांची भर साधारण तिशीपर्यंतच होते, त्या वयात जी पळते, उड्या मारते तिची हाडं मजबूत भरतात. म्हणजे फुटबॉलनं घेतलं तसं दिलंही.

घरात घडलं ते असं. माझी पुतणी नववीत आहे, तीही फुटबॉल खेळते. आता दिवस बदललेत. २०२२ साली मुलींच्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाची फायनल नवी मुंबईत झाली, ती आम्ही घरात बसून बघितली. मणिपूरच्या बेमबेम देवींना २०२० साली पद्मश्री मिळाली, त्यांचा फोटो पोरीनं दप्तरावर चिकटवलाय. पण माझी धाकटी जाऊ म्हणते, "अक्का, पाळी आली, आता बास. हातपाय मोडला तर कोण करणार हिला?"

त्या दिवशी पोरगी जिना उतरताना एका पायावर जोर देत नव्हती. मी विचारलं, "काय झालं गं?" म्हणाली, "काही नाही थोरली आई, पायरीवरनं घसरले."

माझ्या अंगावर काटा आला. तिला खोलीत घेऊन मी माझा गुडघा दाखवला. मग ती रडली आणि खरं बोलली.

म्हणून घरातल्या पोरी खेळत असतील तर ऐका. गुडघा मुरगळला की खेळ तिथंच थांबवायचा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच. पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, तेल लावून रगडणं तर नाहीच. आवाज आला असेल, काही तासांतच सूज आली असेल किंवा पायावर भार देता येत नसेल, तर डॉक्टरकडंच. आणि खेळाच्या सरांना विचारा, फिफाचा 'अकरा प्लस' व्यायाम घेता का? वीस मिनिटांचा आहे, सामान काही लागत नाही. पळणं, एका पायावर तोल, उडी मारून गुडघे आत न वळवता उतरणं. आठवड्यातनं निदान दोनदा केला तर दुखापती बऱ्याच कमी होतात.

पोरीला आम्ही डॉक्टरकडं नेलं. दोर तुटलेला नाही, ताणलाय. सहा आठवडे विश्रांती. जाऊ घरी आल्यावर तिच्यावर नाही, माझ्यावर चिडली, "तुमच्यामुळंच हिला नाद लागला." मी काही बोलले नाही. तिची भीती खोटी नाही. रात्री भाकरी करताना एवढंच म्हटलं, "तू खेळ बंद केलास तर ती खेळायची थांबेल का माहीत नाही, सांगायची मात्र थांबेल." ती भाकरी थापत राहिली.

रविवारी तिच्या शाळेची मॅच आहे. पोरगी बाहेर बसणार आहे. जाऊनं सकाळी विचारलं, "किती वाजता असतंय ते?"